वारा आत, पाऊस बाहेर : चार्ल्स कोरियांच्या इमारती समजून घेताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दादरच्या चाळीत एक ठरलेलं काम असायचं. माळ्यावरून निळी ताडपत्री काढायची, तिची भोकं तपासायची आणि गॅलरीच्या कठड्याला, वरच्या तुळईला सुतळीने करकचून बांधायची. ताडपत्री बांधली की झड आत यायची थांबायची, पण वाराही थांबायचा. कपडे वाळायचे नाहीत, खोलीला आंबूस वास यायचा आणि दोन दिवसांत आजी म्हणायची, "सोडा रे ती जरा एका बाजूने, जीव घुसमटतो." सोडली की पुढच्याच सरीला गाद्या भिजायच्या. सप्टेंबरपर्यंत हाच खेळ. बांध, सोड, पुन्हा बांध.

ही ताडपत्री आठवायचं कारण म्हणजे पेडर रोडवरची कांचनजंगा. केम्प्स कॉर्नरकडून येताना बाकीच्या इमारतींच्या वर एक पांढरा, चौकोनी, सडपातळ मनोरा दिसतो आणि त्याचे कोपरे कुणी सुरीने कापून नेल्यासारखे वाटतात. लहानपणी बसमधून वडील ती दाखवायचे आणि म्हणायचे, "बांधायची राहिलीय बघ." ती पूर्ण झालेली आहे आणि ते कोपरे मुद्दाम सोडलेले आहेत हे कळायला मला वीसेक वर्षं लागली. का सोडले हे कळायला आणखी काही.

इमारत चार्ल्स कोरियांची. १९३० साली सिकंदराबादला जन्मलेले, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेले, मग अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटीमध्ये वास्तुकला शिकून परत आलेले. १९५८ पासून त्यांनी मुंबईतून काम केलं आणि २०१५ साली मुंबईतच गेले. साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचं भारत भवन, जयपूरचं जवाहर कला केंद्र, पुण्याची खगोलशास्त्राची संस्था आयुका ही त्यांची कामं. १९८४ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचं सुवर्णपदक, २००६ मध्ये पद्मविभूषण. एवढी ओळख पुरे. पुरस्कारांची यादी पाठ करून इमारत कळत नाही. ती कळायला आधी मुंबईचं भांडण समजून घ्यावं लागतं.

मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंदर. दुपारनंतर सुटणारा खारा वारा येतो समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून. घर गार ठेवायचं तर ते पूर्व-पश्चिम उघडं हवं, म्हणजे वारा एकीकडून शिरेल आणि दुसरीकडून निघून जाईल. निघून जाणं महत्त्वाचं. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारून बघा, आत काही जात नाही, फक्त आवाज होतो. एकाच भिंतीला खिडक्या असलेली खोली ही तशी बाटली असते. खिडकी केवढीही मोठी ठेवा, समोर वाट नसेल तर वारा दारातूनच परत फिरतो. आपल्याकडे घर बघायला गेल्यावर जाणती माणसं "हवा खेळती आहे का" असं विचारतात. खेळती म्हणजे येऊन जाणारी.

आता गोम अशी, की वारा ज्या दिशेने येतो त्याच दिशेने दुपारचं ऊन येतं आणि त्याच दिशेने पावसाळ्यातली आडवी झड येते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत. पश्चिमेला तोंड केलं की तिन्ही पाहुणे एकदम दारात उभे. एकाला आत घ्यायचंय, दोघांना बाहेर ठेवायचंय.

खिडकीवरच्या छज्जाने का भागत नाही, हे साध्या हिशेबाने कळतं. छज्जा दोन फूट पुढे आलेला आहे असं धरा. सूर्य क्षितिजापासून साठ अंश वर असेल तर त्या छज्जाची सावली खाली साडेतीन फूट पडते, म्हणजे बहुतेक खिडकी झाकली जाते. सूर्य तीस अंशांवर उतरला की तीच सावली जेमतेम सव्वा फुटाची होते. पश्चिमेचं ऊन असंच खालून, तिरपं येतं. संध्याकाळी पाच वाजता ते थेट देवघरापर्यंत पोचतं. पावसाचंही तेच. सरळ पडणारा पाऊस छज्जा अडवतो, वाऱ्याबरोबर आडवा येणारा नाही.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. कोकणातल्या घराची पडवी काय किंवा मलबार हिलवरच्या जुन्या बंगल्यांचा व्हरांडा काय, युक्ती एकच. राहत्या खोल्यांच्या भोवती सावलीचा एक पट्टा गुंडाळायचा. ऊन आणि पाऊस त्या पट्ट्यात दमून जातात, वारा तेवढा आत येतो. पडवी ही धड घर नाही, धड अंगण नाही. तिथे भात वाळतो, पाहुणा टेकतो, कुत्रं झोपतं.

बंगल्याला हे परवडतं. मनोऱ्याला नाही. प्रत्येक मजल्याला चारही बाजूंनी पडवी गुंडाळली तर निम्मी जागा त्यातच जाईल आणि उरेल तो नुसता अरुंद बोळ, जिथे खुर्ची टाकली तर माणूस जायला जागा नाही. मुंबईतल्या गॅलऱ्यांचं नेमकं हेच झालं.

कोपरा कापला म्हणजे काय केलं

कोरियांनी पडवी उचलून कोपऱ्यात गोळा केली. चारही बाजूंना पातळ पसरलेली जागा एका ठिकाणी आणून ती दोन मजले उंच केली आणि तिथे घराची बाग केली. राहत्या खोल्या त्या बागेच्या मागे. बाहेरून आपल्याला कापलेला कोपरा दिसतो तो हा.

कांचनजंगाचा आराखडा १९७० च्या आसपासचा, इमारत पूर्ण झाली १९८३ मध्ये. तळाशी २१ मीटर लांब, २१ मीटर रुंद चौरस आणि उंची ८४ मीटर, म्हणजे बरोबर चौपट. उदबत्तीच्या पुड्यासारखी उभी. घरं एकूण बत्तीस, तीन शयनगृहांपासून सहा शयनगृहांपर्यंत वेगवेगळ्या चार प्रकारची. म्हणजे अर्थातच श्रीमंतांची. मी आत कधी गेलेलो नाही, जाण्याची शक्यताही दिसत नाही. पण वास्तुकलेच्या पुस्तकांत तिचे छेद छापलेले असतात आणि कोरियांची इमारत खरी कळते ती छेदातच.

छेद म्हणजे काय? आपण घर विकत घेताना बघतो तो नकाशा, म्हणजे कांदा आडवा चिरल्यावर दिसणाऱ्या चकत्या. कुठे हॉल, कुठे मोरी. तोच कांदा उभा चिरला की पाकळ्या एकमेकींत कशा बसल्यात ते दिसतं. तो छेद. बहुतेक बिल्डरांच्या इमारती उभ्या चिरल्या तर एकावर एक ठेवलेल्या डब्यांची चळत दिसते. कांचनजंगा उभी चिरली तर घरं एकमेकांत अडकवलेली दिसतात. एकाची बाग दोन मजले उंच, तिच्या मागे दुसऱ्या घराचा भाग वर सरकलेला, मध्येच चार पायऱ्यांनी जमीन बदललेली. एक घर पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत आरपार जातं, म्हणून बाटलीचं दोन्ही तोंडांनी उघडं नळकांडं होतं.

आधी खांब, मग घर

एवढे कोपरे कापल्यावर इमारत उभी कशी राहते? या भागात कोरियांबरोबर दुसरं नाव घ्यायला हवं, संरचना अभियंता शिरीष पटेल यांचं. १९६५ साली खुला झालेला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूलही त्यांचाच. आराखडा आखणाऱ्याचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, तो उभा ठेवणाऱ्याचं राहत नाही. मला हा अन्याय वाटतो.

उंच इमारतीला दोन प्रकारचे भार पेलायचे असतात. एक उभा भार, म्हणजे स्वतःचं वजन, माणसं, कपाटं, पाण्याच्या टाक्या. दुसरा आडवा, म्हणजे वारा आणि भूकंपाचा धक्का. उभा भार हा ओझ्याचा प्रश्न आहे. आडवा भार मात्र इमारतीला मुळापासून उपटू पाहतो, आणि उंची वाढते तसा तो फार वेगाने वाढतो. त्यासाठी मधोमध एक ताठ कणा लागतो. कांचनजंगात तो कणा म्हणजे लिफ्टचा गाभा, काँक्रीटच्या भिंतींची उभी नळी.

शिवाजी पार्कला संध्याकाळी मल्लखांब बघितलाय? खांब जमिनीत पक्का गाडलेला असतो, म्हणून मुलं त्याला धरून अंग पताकेसारखं आडवं हवेत तोलू शकतात. खांब हलला तर कसली पताका आणि कसलं काय. इथे तसंच आहे. इमारतीचं सगळं वजन काही एकट्या गाभ्यावर नाही, बाहेरच्या भिंतीही ते वाटून घेतात. पण वाऱ्याचा आडवा रेटा मुख्यतः गाभा घेतो.

हा गाभा बांधायची पद्धत मोठी मजेची. नेहमीचं काम आपण बघतो ते असं. सेंट्रिंग, म्हणजे फळ्यांचा साचा, लावायचं, सळया बांधायच्या, काँक्रीटचा माल ओतायचा, पाणी मारत राहायचं, काही दिवसांनी सेंट्रिंग खोलायचं, वरच्या मजल्याला पुन्हा तेच. कांचनजंगात गाभा आधी, बाकीच्या इमारतीच्या पुढे चढवला गेला आणि तोही सरकत्या साच्याने. बहुमजली इमारतीसाठी ही पद्धत भारतात पहिल्यांदा इथे वापरली असं मानलं जातं.

सरकता साचा म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना धरलेली साधारण कमरेएवढ्या उंचीची फळी. ती जमिनीवर टेकलेली नसते. भिंतीत उभ्या गाडलेल्या गजांवर जॅक बसवलेले असतात आणि ते जॅक त्या गजांना धरून सगळा साचा हळूहळू वर ओढत नेतात. वरून माल ओतत राहायचा, खालून घट्ट झालेली भिंत बाहेर पडत राहते. शेवेच्या सोऱ्यातून शेव पडते ना, तसं, फक्त उलट. इथे शेव जागच्या जागी राहते आणि सोऱ्या वर चढतो. वेग तासाला साधारण वीतभर. जास्त घाई केली तर खालचा माल अजून ओला असतो आणि ढासळतो. रेंगाळलात तर तो साच्याला चिकटतो आणि साचा सरकताना भिंतीची सालटी निघतात. म्हणून हे काम एकदा सुरू केलं की रात्रंदिवस चालतं, पाळ्या लावून. मध्येच थांबलं तर जुन्या आणि नव्या मालात सांधा राहतो आणि पुढे पाणी नेमकं तिथूनच पाझरतं. फायदा असा, की मजल्यामजल्यागणिक सेंट्रिंग खोलाखोल नाही आणि भिंत अखंड मिळते.

दुसरी करामत पुढे आलेल्या बागांची. त्या ६.३ मीटर, म्हणजे वीस फुटांहून जास्त अधांतरी आहेत. आपल्या चाळीची गॅलरी चारेक फूट पुढे येते. वाटेल की पाचपट लांब म्हणजे पाचपट अवघड. तसं नाही. पुढे आलेल्या फळीच्या मुळाशी जो वाकवणारा जोर येतो तो लांबीच्या वर्गाने वाढतो. १.२ मीटरच्या गॅलरीच्या तुलनेत ६.३ मीटरला लांबी सव्वापाचपट, पण मुळाशी येणारा जोर सुमारे सत्तावीसपट. नुसता स्लॅब जाड करून हे भागत नाही, कारण जाड केलेल्या स्लॅबचं स्वतःचं वजनच त्याला खाली ओढतं.

मग? शाळेतली फूटपट्टी घ्या. टेबलाच्या कडेवरून आडवी पुढे काढा आणि टोकावर बोटाने दाबा, लगेच वाकते. तीच पट्टी कडेवर उभी धरा आणि दाबा, वाकायचं नाव घेत नाही. सामान तेवढंच, फक्त उंची मिळाली. कांचनजंगात टोकाच्या भिंती हे उभ्या पट्टीचं काम करतात. बाहेरून नुसत्या पांढऱ्या भिंती दिसतात त्या खरं तर आतल्या अधांतरी भागाला पेलून धरतात. आणि त्यांच्याच कडांवरून घरं एकमेकांत कशी अडकली आहेत हे बाहेरून वाचता येतं.

जाता जाता गवंड्यांचं एक जुनं तत्त्व. साध्या स्लॅबमध्ये सळई खालच्या बाजूला महत्त्वाची, पुढे आलेल्या गॅलरीत वरच्या बाजूला. कारण गॅलरी खाली वाकताना तिची वरची बाजू ताणली जाते, आणि काँक्रीटला दाब चालतो, ताण चालत नाही. माल टाकताना मजूर वरच्या सळयांवर नाचले आणि सळया दबून खाली गेल्या, तर गॅलरी दिसते तशीच, पण तिच्यातला जीव गेलेला असतो. घराचं काम चालू असेल तर त्या दिवशी रजा काढून उभे राहा.

कोरिया सगळीकडे कोपरेच कापत सुटले होते असं मात्र नाही. अहमदाबादला त्यांनी बरोबर उलटं केलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाच्या स्पर्धेत त्यांनी ट्यूब हाउस नावाचं स्वस्त घर सुचवलं. रुंदी जेमतेम ३.६ मीटर, लांबी अठरा मीटरच्या आसपास. बोळच म्हणा. लांब भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या, म्हणून त्यांना ऊन लागत नाही. छप्पर दोन्हीकडून तिरपं चढत गेलेलं आणि माथ्यावर फट. आतली तापलेली हवा हलकी होऊन छपराच्या उतारावरून वर सरकते आणि फटीतून निघून जाते, तिची जागा घ्यायला दाराजवळच्या झडपांतून ताजी हवा आत येते. चुलीच्या धुराड्याचं तत्त्व. वीज लागत नाही.

तिथे बंद घर आणि इथे उघडं, असं का? याचं उत्तर माठात आहे. कोरड्या हवेत माठातून पाझरलेलं पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून अहमदाबादचा माठ मे महिन्यात गारेगार. मुंबईत जुलैमध्ये हवाच पाण्याने भरलेली, तिच्यात आणखी पाणी मावत नाही, म्हणून माठातलं पाणी कोमटच. आपलं अंग हा तसलाच माठ आहे. कोरड्या गावात उन्हाच्या झळा घराबाहेर ठेवल्या की घाम आपोआप काम करतो. दमट गावात घाम सुकवायला अंगावरून सतत वारा गेला पाहिजे. म्हणून तिकडे जाड भिंती आणि लहान तोंड, इकडे आरपार वाट. तेव्हा काचेचा तोच मनोरा दुबईत, गुडगावात आणि परळमध्ये उभा करणाऱ्यांनी या तीन गावांत निदान एकेक माठ ठेवून बघायला हवा होता.

साबरमतीचं गांधी संग्रहालय त्याच सुमाराचं, १९६३ मध्ये पूर्ण झालेलं. सहा मीटर बाय सहा मीटरच्या कौलारू चौकोनांची मांडणी, काही चौकोन भिंतींचे, काही नुसते उघडे. कुठेही काच नाही, लाकडी झडपा आहेत. चौकोन जोडणाऱ्या काँक्रीटच्या तुळया वरून खोलगट आहेत. कौलांवरून आलेलं पाणी त्यांतूनच वाहून जातं. तुळईची तुळई आणि पन्हळीची पन्हळ. आमच्या आईसारखा हिशेब. दुधाच्या पातेल्यातच कढी.

आपल्या दादरमध्येही त्यांचं एक काम आहे, आणि तिथे जायला कुणाची ओळख लागत नाही. गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च. मूळ चर्च सोळाव्या शतकातलं, आजची इमारत १९७४ ते १९७७ मधली. आयुष्यभर आम्ही ते नाव बसथांबा म्हणून वापरलं, मान वर करून कधी पाहिलं नाही. पाहिलं तर काँक्रीटची पातळ कवचं वर निमुळती होत गेलेली दिसतात. पातळ असूनही ती उभी आहेत ती आकारामुळे. नारळाची करवंटी जाडीला काहीच नसते, पण हाताने दाबून फुटत नाही, कारण बाक असल्यामुळे सगळा भार दाबाच्या रूपात कडांकडे सरकतो. आणि दाब काँक्रीटला चालतो, हे वर आलंच आहे. ही कवचं म्हणजे पुन्हा धुराडीच आहेत. गर्दीच्या श्वासांनी तापलेली हवा वर चढून निघून जाते, वरूनच उजेडही येतो. प्रार्थनेच्या जागा आणि उघडे चौक एकमेकांत मिसळलेले, त्यामुळे आपण नेमके आत कधी शिरलो ते कळत नाही.

बेलापूरची अंगणं

एवढं वाचून कुणी म्हणेल, की हे सगळं पेडर रोडवाल्यांसाठी ठीक आहे. मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी बेलापूरला गेलो.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं, की मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, ती खाडीपलीकडे पूर्वेला वाढू द्या. त्यातून पुढे नवी मुंबई आली. १९७० मध्ये ते शहर उभारायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि सुरुवातीची काही वर्षं कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. बेलापूरची वसाहत त्यानंतरची, १९८३ ते १९८६ मधली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. साडेपाच-सहा हेक्टरवर सुमारे ५५० कुटुंबं. हेक्टरी पाचशे माणसं होतात, तीही एकही लिफ्ट नसताना. दाटी करायची तर मनोरेच हवेत, असं जे आपल्याला गृहीत धरायला लावतात त्याला हा आकडा चांगला जवाब आहे.

मांडणी अशी. सात घरं, मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा मीटर बाय बारा मीटरचं थोडं मोठं अंगण. तसे तीन मिळून आणखी मोठं, वीसेक मीटरचं. आळी, वाडी, गाव असं चढत जाणारं. आठ बाय आठ म्हणजे चौसष्ट चौरस मीटर, सात घरांत वाटले तर प्रत्येकी नऊ. नऊ चौरस मीटर म्हणजे चाळीतल्या खोलीहून लहान तुकडा. तो घरात घातला असता तर एक अडगळीची खोली झाली असती. सातांनी बाहेर ठेवला म्हणून लग्नाचा मांडव पडतो, पापड वाळतात, पोरांचं क्रिकेट होतं. वरचा माळा नाही, छप्पर नाही, सिमेंट नाही. बांधकामातली सगळ्यात स्वस्त खोली म्हणजे उघडं आकाश, आणि आपल्या हवेत वर्षातले आठ महिने ती वापरता येते. कोरियांच्या सगळ्या कामांमध्ये हीच खोली पुन्हा पुन्हा दिसते. कांचनजंगात ती कोपऱ्यात हवेत टांगलेली, बेलापुरात जमिनीवर.

प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यानचे. म्हणजे गरिबाच्या आणि बऱ्या घरच्या माणसाच्या जमिनीत फार फरक नाही, हे मुद्दाम. बांधकाम कुठल्याही गावातल्या गवंड्याला जमेल असं, विटांच्या भिंती, गिलावा, उतरती कौलं. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे दोन घरांमध्ये सामाईक भिंत नाही. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये तुम्हाला खोली वाढवायची तर शेजाऱ्याची, सोसायटीची, पालिकेची परवानगी. इथे भिंत तुमची, छप्पर तुमचं. मुलाचं लग्न ठरलं, चढवा एक खोली. पैसे संपले, थांबा. घर एकदम न बांधता माणसाच्या कमाईबरोबर वाढू द्यायचं, ही कल्पना गावाकडे सगळ्यांना माहीत होती. सरकारी वसाहतीत ती कुणी आणली नव्हती एवढंच.

आज तिथे गेलात तर मूळ कौलारू घरं शोधावी लागतात. बरीचशी पाडून लोकांनी दोन-तीन मजली काँक्रीटची घरं बांधली आहेत, रंगीत टाइल्स, स्टीलचे कठडे, गच्चीवर टाक्या. बाहेरून येणारे वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघून हळहळतात. मी हळहळलो नाही. घर वाढेल असं सांगून दिलं आणि घर वाढलं, यात बिघडलं काय? माझी तक्रार वेगळी आहे. उंची वाढली तशी काही अंगणांत ऊन उतरेनासं झालंय आणि मोकळ्या जागेत गाड्या उभ्या राहू लागल्यात. वाढ कुठे थांबावी याचा नियम आराखड्यात नव्हता, किंवा असेल तर त्याला कुणी विचारलं नाही.

काँक्रीटविषयी थोडं कडू सांगायला हवं, नाहीतर हे स्तोत्र होईल. समुद्राजवळ उघडं काँक्रीट म्हणजे दुखणं. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण सिमेंट तिच्याभोवती एक रक्षक थर धरून असतं. पण खारी हवा बारीक छिद्रांतून आत गेली की तो थर तुटतो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून ढकलून काँक्रीटचे पोपडे पाडतो. मुंबईत छताकडे बघून जेवणारा प्रत्येक जण हे जाणतो. कापलेले कोपरे, पातळ कवचं, उघड्या बागा यांत हवेला सामोरा येणारा पृष्ठभाग जास्त, म्हणून देखभालही जास्त. झाडांची मुळं, तुंबलेली पन्हळ, बागेखालची ओल हे सगळं आलं. ज्याच्या खाली दुसऱ्याची बैठकीची खोली आहे अशी बाग करणं सोपं काम नाही.

तरीही या शहराने कोरियांकडून नेमकं काय घेतलं, असा प्रश्न पडतोच. १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचं काय करावं हे सुचवायला सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. गिरणगावात आज काय उभं आहे ते आपण रोज बघतो, त्यावर वेगळं लिहिण्याची गरज नाही. गॅलरीचं मात्र लिहितो.

मुंबईत घर मोजतात ते चटई क्षेत्रावर. प्लॉटवर एकूण किती चटया अंथरता येतील याची सरकारने बांधून दिलेली मर्यादा. पूर्वी ठरावीक मापापर्यंतची गॅलरी त्यात मोजली जात नसे, म्हणून बिल्डर ती हमखास द्यायचे आणि लोक ती लगेच आत घ्यायचे, भिंत पाडून, काचा लावून, हॉल तीन फुटांनी मोठा. पावसाळ्यात खिडकी बंद आणि उन्हाळ्यात हॉल भट्टी, मग एसी. २०१२ मध्ये नियम बदलले आणि गॅलरीही चटईत मोजायला लागले. त्यामुळे आता बरेच जण ती काढतच नाहीत. खोलीला जमिनीपासून छतापर्यंत काच लावतात आणि जाहिरातीत समुद्र दाखवतात. जी पडवी कोरियांनी कोपऱ्यात का होईना पण राखली, ती हिशेबातूनच गेली.

आमची चाळ पाडून तिथे बावीस मजली इमारत झाली. आम्हाला चौदावा मजला, पश्चिमेचं तोंड. गॅलरी आहे, साडेतीन फुटांची, आणि तिथे आमचं वॉशिंग मशीन आहे, हे कबूल करतो. सगळ्या इमारतीत एकानेच ती बंद केलेली नाही, नवव्या मजल्यावरच्या निवृत्त आजोबांनी. मागच्या जुलैत जोराची सर आली तेव्हा मी खाली रिक्षाची वाट बघत छत्री धरून उभा होतो. वर पाहिलं तर सगळ्या काचा गच्च बंद आणि नवव्या मजल्यावर आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीवर, पेपर गुडघ्यावर ठेवून बसलेले. खुर्ची त्यांनी भिंतीला अगदी चिकटवून घेतली होती. पाय तेवढे भिजत असावेत.